फर्नेस किती तेल पिते आणि ते मोजायचं कसं?

थंडी पडायला लागली की तेलाच्या प्रश्नांची रांग लागते. अमेरिकेच्या ईशान्य भागात अजून पुष्कळ घरं हीटिंग ऑइलवर चालतात (फर्नेस म्हणजे ते तेल जाळून घर तापवणारी भट्टी) आणि तिथले बरेच वाचक पहिल्यांदाच अशा घरात राहायला गेलेले असतात. म्हणून यावेळचं सगळं सदर त्याच विषयाला.

प्रश्न: ताई नमस्कार, आम्ही यंदाच ऑइल हीटचं घर घेतलंय, आधी कायम गॅस होता त्यामुळे तेल भरून साठवायचं हा प्रकारच नवीन. तळघरात २७५ गॅलनची टाकी आहे आणि गरम हवेची फर्नेस. फर्नेसवर सर्व्हिसवाल्याने एक कार्ड अडकवलंय, त्यावर नोझल ०.८५ - ८० बी आणि प्रेशर १४० असं लिहिलंय. ०.८५ म्हणजे तासाला तेवढे गॅलन असं कळलं म्हणून मी २४ तास आणि ३० दिवसांनी गुणलं तर ६१२ गॅलन आले! म्हणजे महिन्यात दोनदा टाकी भरूनही पुरणार नाही? माझे मिस्टर म्हणतात असं असतं तर कुणी ऑइल ठेवलंच नसतं. खरं काय आणि महिन्याचा अंदाज कसा काढायचा? जानेवारीत दोन आठवडे गावाला जायचंय, तेवढ्यात टाकी रिकामी तर होणार नाही ना?

उत्तर: मिस्टरांचं बरोबर आहे, पण तुमच्या गुणाकारातला ०.८५ पण कमीच आहे बरं का. म्हणजे एक आकडा कमी धरलाय आणि दुसरा अवाच्या सवा जास्त. दोन्ही बघू.

आधी नोझल, म्हणजे फर्नेसच्या बर्नरमध्ये (तेल पेटतं त्या भागात) तेलाचा फवारा सोडणारं छोटं तोंड. नोझलच्या षटकोनी बाजूवर जो आकडा कोरलेला असतो तो १०० पीएसआय (चौरस इंचाला पौंड) प्रेशरला तासाला किती गॅलन जाईल याचा असतो. ८० हा फवाऱ्याचा कोन आणि बी म्हणजे भरीव फवारा, या दोघांचा तुमच्या हिशोबाशी संबंध नाही. प्रेशरचा मात्र आहे. तुमच्या कार्डावर १४० लिहिलंय, म्हणजे पंप १०० च्या वर लावलाय, आणि प्रेशर वाढलं की तेलही जास्त जातं. पण सरळ प्रमाणात नाही, वर्गमुळाच्या प्रमाणात. १४० ला १०० ने भागा, १.४, त्याचं वर्गमूळ साधारण १.१८, त्याने ०.८५ ला गुणा. आलं १.० गॅलन. बर्नर पेटलेला असेल त्या प्रत्येक तासाला तुमची फर्नेस जवळजवळ एक पूर्ण गॅलन जाळते, म्हणजे साधारण १,३८,५०० बीटीयू (उष्णतेचं एकक) उष्णता. कार्डावर प्रेशर लिहिलेलंच नसेल तर पुढच्या सर्व्हिसला विचारून घ्या आणि पेनाने लिहून ठेवा, त्याच्याशिवाय नोझलचा आकडा अर्धवटच.

आता तास. बर्नर २४ तास चालतच नाही. थर्मोस्टॅट सांगतो तेव्हा पेटतो, घर तापलं की बंद, मग घरातली ऊब भिंतीतून खिडकीतून गळत राहते आणि परत पेटतो. दिवसाला किती तास पेटेल हे फर्नेस ठरवत नाही, बाहेरची थंडी आणि तुमचं घर ठरवतं. म्हणूनच त्याच नोझलची फर्नेस शेजारी असली तरी त्यांचं तेल तुमच्यापेक्षा निम्मं किंवा दुप्पट लागू शकतं, त्यांचा आकडा तुमच्या काही कामाचा नाही. (कुणी सांगेल की आमची फर्नेस ८५ टक्के एफिशियंट आहे म्हणून तासाला कमी जाळते. तसं नसतं. नोझल तेच आणि प्रेशर तेच असेल तर तासाला तेल तेवढंच जाणार, एफिशियन्सी चांगली असली की पेटायचे तास कमी होतात. २०१३ पासून नव्या ऑइल फर्नेसला किमान ८३ टक्के एएफयूई, म्हणजे वर्षभराची सरासरी एफिशियन्सी, लागते, जुनी धुडं त्याच्या बरीच खाली असतात.)

मग थंडी मोजायची कशी? त्यासाठी डिग्री डे नावाचा सोपा आकडा आहे. दिवसाचं सरासरी तापमान घ्यायचं आणि ते ६५ डिग्री फॅरनहाइटमधून वजा करायचं. सरासरी ३० असेल तर त्या दिवसाचे ३५ डिग्री डे, सरासरी ६५ च्या वर गेली तर शून्य. ६५ का, तर बाहेर एवढं असलं की घरातली माणसं, दिवे, स्वयंपाक आणि ऊन एवढ्यावरच घर उबदार राहतं असं धरलंय. हवामान खातं रोजचे आकडे काढतं, तुम्हाला फक्त बेरीज करायचीय.

आता दोन डिलिव्हरींच्या मध्ये एकूण किती डिग्री डे झाले त्याला दुसऱ्या डिलिव्हरीला किती गॅलन बसले त्याने भागा. येईल तो तुमच्या घराचा के फॅक्टर. तेलवाले अनेक वर्षं हाच वापरतात, न सांगता टँकर बरोबर वेळेला दारात येतो तो याच्याच जोरावर. गाडीचं ॲव्हरेज काढतो ना लिटरला किती किलोमीटर, तसंच हे, गॅलनला किती डिग्री डे. आकडा जेवढा मोठा तेवढं घर काटकसरी. अट एकच की दोन्ही वेळा टाकी फुल्ल भरलेली हवी. अर्धवट भरलीत तर हिशोब बिघडला. (टाकी भरताना व्हेंटच्या नळीतून शिट्टी वाजत असते, ती थांबली की टाकी भरली. टँकरवाला त्याच शिट्टीवर कान ठेवून उभा असतो.)

उदाहरण घेऊ. समजा मधल्या काळात ९०० डिग्री डे झाले आणि १५० गॅलन बसले, के आला ६. आता सरासरी २५ डिग्रीचा कडक दिवस म्हणजे ४० डिग्री डे, भागिले ६, साधारण पावणेसात गॅलन. तासाला एक गॅलनने बर्नर दिवसभरात पावणेसात तास पेटला, २४ तास नव्हे. आणि सरासरी ४५ चा दिवस असेल तर सव्वातीन गॅलनच्या आसपास. महिन्याचे हजार डिग्री डे धरले तर १६७ गॅलन. तुमचे ६१२ कुठे आणि हे कुठे.

यातून आणखी एक गोष्ट कळते जी कुणी सहसा सांगत नाही. सरासरी शून्य फॅरनहाइटच्या भयंकर दिवशीसुद्धा या हिशोबाने जेमतेम ११ गॅलन लागतात, म्हणजे बर्नर निम्मा वेळही पेटत नाही. याचा अर्थ फर्नेस घराला गरजेपेक्षा दुप्पट मोठी आहे. असं पुष्कळ घरांत असतं, मोठी फर्नेस दर वेळी थोडाच वेळ पेटते आणि विझते आणि त्यात तेल वाया जातं. कधीकधी लहान नोझल बसवता येतं, पण ते कंपनीने त्या फर्नेससाठी दिलेल्या मर्यादेतच आणि ते काम ज्वाला तपासायची उपकरणं असलेल्या माणसाचं. स्वतः नोझल बदलायच्या भानगडीत पडू नका.

गावाला जायचं म्हणाल तर, २७५ ची टाकी प्रत्यक्षात २७५ भरत नाही, वर जागा सोडतात, फुल्ल म्हणजे २५० च्या आसपास धरा. पाव टाकी राहिली की तेल मागवायचं असा नियम ठेवला तर तुमच्या हातात १९० गॅलन. के ६ असेल तर ११०० च्या वर डिग्री डे. सरासरी ३० डिग्रीचा जानेवारी असेल तर हे महिनाभर पुरतं, शिवाय घरात कुणी नसताना थर्मोस्टॅट खाली असेल. भरून जा आणि निर्धास्त जा. फक्त ५५ च्या फार खाली ठेवू नका, पाण्याच्या पाइपात बर्फ झाला तर तेलाची बचत राहील बाजूला. तुमचा स्वतःचा के अजून निघालेला नाही त्यामुळे यंदा थोडं सढळ हाताने धरा, दोन-तीन डिलिव्हरी झाल्या की आकडा स्थिर होईल.

प्रश्न: माझा स्मार्ट थर्मोस्टॅट रोज किती तास हीट चालली ते दाखवतो. ते तास आणि नोझलचा रेट गुणला की झालं ना? मग डिग्री डेची कटकट कशाला?

उत्तर: गरम हवेची फर्नेस असेल तर बरंचसं झालं, पण थोडं जास्त दाखवेल. थर्मोस्टॅटने हीट मागितली की तो तास मोजायला लागतो, तेल मात्र लगेच सुटत नाही. नव्या बर्नरमध्ये आधी १५ सेकंद वगैरे नुसती मोटर आणि पंखा फिरतो, मग व्हॉल्व्ह उघडतो आणि ज्वाला पेटते. दिवसात ६० वेळा पेटत असेल तर ६० गुणिले १५ सेकंद म्हणजे १५ मिनिटं बिनतेलाची. तासाला एक गॅलनने पाव गॅलनची चूक, रोजच्या सहा-सात गॅलनमध्ये तीन-चार टक्के. चालण्यासारखं आहे. फिल्टर चोंदला असेल आणि फर्नेस तापून मधेच लिमिट स्विचवर बंद होत असेल तर मात्र थर्मोस्टॅट म्हणतो चालू आहे आणि बर्नर विझलेला, तेव्हा चूक मोठी.

बॉयलर (हवेऐवजी पाणी तापवून घरभर फिरवणारा) असेल तर थर्मोस्टॅटच्या तासांवर अजिबात जाऊ नका. तिथे थर्मोस्टॅट पाणी फिरवायचा पंप चालू करतो, आणि बर्नर पाण्याच्या तापमानाप्रमाणे आपला वेगळा चालू-बंद होत असतो. दोन-तीन झोन (वेगळा थर्मोस्टॅट असलेले घराचे भाग) असले तर प्रत्येकाचे तास वेगळे आणि बर्नर एकच, बेरीज करून काहीच्या काही निघतं.

नेमकं मोजायचंच असेल तर इलेक्ट्रिशियनकडून किंवा सर्व्हिसवाल्याकडून एक अवर मीटर लावून घ्या, छोटासा डबा असतो आणि त्यात तास साठत जातात. तो बर्नरच्या मोटरला न जोडता तेलाच्या व्हॉल्व्हला जोडायला सांगा, म्हणजे खरोखर तेल सुटल्याचेच तास मोजले जातील. मग पुढच्या डिलिव्हरीला किती गॅलन बसले त्याला मीटरच्या तासांनी भागा. हा तुमचा खरा रेट, नोझलवर काहीही कोरलेलं असो. पुढच्या वर्षी त्याच भागाकारातून तासाला तेल वाढलेलं दिसलं तर नोझल झिजलंय किंवा प्रेशर सरकलंय. मला स्वतःला हीच पद्धत सगळ्यात आवडते कारण यात कुणाच्या बोलण्यावर विश्वास ठेवावा लागत नाही.

तेलाच्या नळीवर फ्लो मीटर बसवायचं काहीजण विचारतात. टाकीतून एकच नळी येत असेल तर ठीक. दोन नळ्या असतील तर पंप जास्तीचं तेल ओढतो आणि उरलेलं परत टाकीत पाठवतो, त्यामुळे येणाऱ्या नळीवरचा मीटर भलताच आकडा दाखवेल.

प्रश्न: आमच्याकडे बॉयलरवरच नळाचं गरम पाणी पण होतं. के फॅक्टर काढला तर ऑक्टोबरात ३ आणि फेब्रुवारीत ६ आला. घर एवढं बदलतं का?

उत्तर: घर तेच आहे हो, अंघोळीचं तेल मधे आलंय. गरम पाण्याला तेल बाराही महिने लागतं, बाहेर किती थंडी आहे त्याचा त्याच्याशी संबंध नाही. ऑक्टोबरात डिग्री डे कमी असल्यामुळे एकूण तेलात पाण्याचा वाटा मोठा पडतो आणि के खाली येतो. उपाय सोपा आहे, उन्हाळ्यात हीट बंद असताना दिवसाला किती तेल गेलं ते काढा. समजा जूनच्या सुरुवातीला टाकी फुल्ल केली आणि ९० दिवसांनी परत फुल्ल करताना ७० गॅलन बसले, म्हणजे रोजचं पाऊण गॅलनपेक्षा थोडं जास्त. आता हिवाळ्यातल्या दोन डिलिव्हरींमध्ये जेवढे दिवस असतील तेवढ्या दिवसांचं हे तेल आधी वजा करा आणि उरलेल्या गॅलननी डिग्री डेला भागा. ऑक्टोबर आणि फेब्रुवारी बरेच जवळ येतील. थोडा फरक राहिलाच तर तो वारा, ऊन आणि घरात पाहुणे किती यांचा, त्यामागे लागू नका.

प्रश्न: टाकीवरचा काटा अर्ध्यावरून पावपर्यंत आरामात येतो आणि मग पावच्या खाली धाडकन पडतो. गेज बिघडलंय का?

उत्तर: बहुतेक बिघडलेलं नाही, टाकीच्या आकाराचा खेळ आहे. तळघरातली नेहमीची उभी २७५ ची टाकी ४४ इंच उंच, २७ इंच रुंद आणि ६० इंच लांब असते, वरून आणि खालून गोल, मधे सरळ. मधल्या सरळ भागात एक इंच तेल म्हणजे ७ गॅलन. खालच्या गोल भागात टाकी अरुंद होत जाते त्यामुळे तोच एक इंच कमी कमी तेलाचा होतो, आणि गेज तर फक्त तरंगणाऱ्या बोंड्याची उंची दाखवतं, गॅलन नाही. पावच्या खुणेवर ५५ च्या आसपास गॅलन असतात, म्हणजे खूण बऱ्यापैकी खरी. पण पावच्या निम्म्यावर, एक-अष्टमांशला, तुम्हाला वाटतं ३४ असतील आणि असतात २२ च्या आसपास. तळाच्या चार इंचांत तर जेमतेम १४ गॅलन, आणि नळी टाकीच्या वरून आत सोडलेली असेल तर तिचं टोक तळापासून थोडं वर असतं म्हणजे तेही सगळं मिळत नाही. कडाक्याच्या थंडीत एक-अष्टमांश म्हणजे तीन दिवस, एवढं डोक्यात ठेवा.

आडवी टाकी असेल तर वरचे आकडे लागू नाहीत. आणि काटा खरंच अडकलाय का हे बघायला त्याच्या पारदर्शक टोपीवर बोटाने हलकी टिचकी मारा, टोपी पिळून काढू नका, तळघरात तेलाचा वास दिवसेंदिवस जात नाही. डिलिव्हरीनंतर काटा वर गेलाच नाही तर मात्र बोंडं फुटलंय किंवा अडकलंय, बदलून घ्या.

प्रश्न: टाकी घराबाहेर आहे, उघड्यावर. खूप थंडीत तेल घट्ट होतं तर नोझलमधून कमी जात असेल, म्हणजे खप कमी?

उत्तर: उलट आहे. नोझलमध्ये तेल गरगर फिरून बाहेर पडतं आणि मधोमध हवेची पोकळी राहते. थंड तेल जाडसर, ते कमी वेगाने फिरतं, पोकळी लहान होते आणि भोकातून तेल जास्तच निसटतं. वर थेंब मोठे पडतात ते नीट जळत नाहीत आणि काजळी धरते. काजळी आतल्या पत्र्यांवर बसली की घराला ऊब कमी मिळते आणि धुरांड्यातून जास्त जाते. बाहेरच्या टाकीच्या घरात हिवाळ्याच्या मध्यात के थोडा घसरला तर हेही एक कारण असू शकतं. सर्व्हिसवाल्याशी बोला, प्रेशर वाढवून नोझल लहान करणं किंवा नोझलजवळ तेल कोमट करणारा हीटर बसवणं असे उपाय असतात.

प्रश्न: रात्री थर्मोस्टॅट खाली केला तर सकाळी तापवायला तेवढंच तेल जातं, मग फायदा काय, असं सासरे म्हणतात.

उत्तर: सासऱ्यांना सांगा की घर जेवढा वेळ थंड असतं तेवढा वेळ बाहेर गळणारी ऊब कमी असते, आणि सकाळी बर्नर सलग चालला तरी तो रात्री न जाळलेल्या तेलापेक्षा कमीच जाळतो. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा अंदाज आहे की रोज ८ तास ७ ते १० डिग्री खाली ठेवलं तर वर्षाला १० टक्क्यांपर्यंत वाचतं. घरात तान्हं बाळ किंवा आजारी माणूस असेल तर अर्थात नको. आणि सासरे नाहीच ऐकले तर दोन डिलिव्हरी त्यांच्या पद्धतीने आणि दोन तुमच्या पद्धतीने करा, के काढा आणि कागद जेवणाच्या टेबलावर ठेवा.

प्रश्न: तेल संपलंच आणि टँकर दुसऱ्या दिवशी येणार असेल तर पंपावरचं डिझेल टाकलं तर चालतं का?

उत्तर: चालतं. हीटिंग ऑइल आणि डिझेल जवळजवळ सारखंच, हीटिंग ऑइलला लाल रंग घालतात तो रस्त्यावरचा कर भरलेला नाही हे कळावं म्हणून. (त्यामुळे टाकीतलं लाल तेल गाडीत घालायचं मात्र नाही, तो गुन्हा आहे.) डिझेलच्या कॅनमधून ५-१० गॅलन टाकलेत तर रात्र निघते, वरच्या हिशोबाने कडक थंडीत साधारण एक दिवस. टाकल्यावर दहा-पंधरा मिनिटं थांबा, तळाचा गाळ ढवळलेला असतो तो बसू दे. मग रीसेटचं बटण एकदाच दाबा. नळीत हवा शिरली असेल तर पेटणार नाही, पंपावरचा छोटा व्हॉल्व्ह सैल करून हवा काढावी लागते आणि ते येत नसेल तर माणूस बोलवा. बटण पुन्हा पुन्हा दाबत बसू नका, दर वेळी न जळलेलं तेल आतल्या कप्प्यात साठतं आणि शेवटी पेटलं की एकदम भडका होतो. आणि पेट्रोल कधीही नाही, कप-दोन कप सुद्धा नाही.